तिघांचे पासपोर्ट

“हरवले नाहीत, चोरीला गेले,” दादा म्हणाला. “तसंच लिहा. आम्ही हरवणारी माणसं नव्हे.”

काचेपलीकडच्या नौटियालसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “साहेब, हरवले काय आणि चोरीला गेले काय, पुढची वाट तीच आहे. बसा. नीट समजावून सांगतो.”

ते हिंदीत बोलत होते, मी मराठीत सांगते. व्हिएन्नातली आपली वकिलात, सकाळची वेळ, भिंतीशी लावलेल्या खुर्च्या. मधल्या खुर्चीत दादा, माझा थोरला भाऊ. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाला होता, पण ही बातमी त्याच्या आवाजाला कुणी कळवली नव्हती. त्याच्या एका बाजूला त्याची बायको, हेमावहिनी, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसलेली. दुसऱ्या बाजूला मी, ललिता. साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये प्रसूती वॉर्डात सिस्टर म्हणून माझा जन्म गेला, तेव्हा आरडाओरडा मला नवा नव्हता. त्या दिवशी मात्र माझंच डोकं सकाळपासून तापलेलं होतं.

आम्ही एका टूर कंपनीबरोबर युरोप बघायला आलो होतो, पण ते आपलं वाटेवर होतं म्हणून. खरं जायचं होतं लीड्सला. दादाची एकुलती एक मुलगी केतकी तिथे होती, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. टूर व्हिएन्नात संपणार, बाकीची मंडळी मुंबईला परतणार आणि आम्ही तिघं संध्याकाळच्या विमानाने इंग्लंडला जाणार, असं ठरलेलं. वहिनीने सगळा युरोप अंगावरून वाऱ्यासारखा जाऊ दिला होता. आयफेल टॉवरवर चढल्यावर लोक फोटो काढत होते, तेव्हा तिने माझा पदर ओढून विचारलं होतं, “इथून लीड्स कुठल्या बाजूला हो?”

तिच्या बॅगेत डिंकाच्या लाडवांचे दोन स्टीलचे डबे होते. बाळंतिणीसाठी केलेले. दादाने एकदा हात लावला तर त्याच्या हातावर चापट बसली होती. आयुष्यात तिने त्याला मारलेली ती एकमेव चापट असावी.

आणि पासपोर्ट? मुंबईच्या विमानतळावरच आमच्या टूर लीडरने, संपदाने, सगळ्यांना बजावलं होतं, “ज्याचा पासपोर्ट त्याने स्वतःच्या अंगावर ठेवायचा. कुणाकडे द्यायचा नाही.” ती पुढे गेली नाही तोच दादाने हात पसरला. “आणा दोघींचे इकडे.”

“माझा मी ठेवते,” मी म्हटलं.

“लले, उगाच शहाणपणा नको. आपल्या घरात अशा वस्तू एकाच माणसाकडे असतात.”

“ठेवणार कुठे?”

“ते मला ठाऊक आहे. तेवढं पुरे.”

हे त्याचं नेहमीचं वाक्य. घराची कागदपत्रं कुठे आहेत, लॉकरची किल्ली कुठे आहे, ‘ते मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.’ वहिनीने स्वतःच्या दागिन्यांच्या लॉकरची किल्लीसुद्धा कधी हातात धरलेली नव्हती. मी भांडणारच होते, पण वहिनीने डोळ्यांनीच विनवलं, चारचौघांत तमाशा नको. म्हणून दिला. मग काय, दादाने पोटावर पट्टा बांधला आणि सगळ्या बसला शिकवण्या सुरू केल्या. कोल्हापूरच्या एका बाईंनी पासपोर्ट पर्समध्ये ठेवला होता, तर त्यांना म्हणाला, “वहिनी, पर्स म्हणजे चोराला आमंत्रण!” त्या बिचाऱ्यांनी पुढचे चार दिवस पर्स छातीशी धरून काढले.

आणि आता हेच महाशय वकिलातीत सांगत होते की काल ट्राममध्ये कुणीतरी पट्ट्यातून तिन्ही पासपोर्ट लांबवले.

नौटियालसाहेब म्हणाले, “पोलिसांत तक्रार दिलीय, ठीक. आता दोन मार्ग आहेत. पहिला, आणीबाणीचा दाखला. इमर्जन्सी सर्टिफिकेट. तुमची ओळख पटली की लवकर मिळतो. पण तो फक्त घरी जाण्यासाठी असतो. इथून थेट भारतात, एकदाच, मध्ये कुठेही नाही.”

“चालेल,” दादा म्हणाला.

“काय चालेल?” मी म्हटलं. “आपल्याला लीड्सला जायचंय.”

“दुसरा मार्ग,” साहेब माझ्याकडे वळले, “नवा पासपोर्ट. त्याला वेळ लागतो. भारतातून पोलिसांची पडताळणी येईपर्यंत इथे थांबावं लागेल. आणि तो मिळाला तरी इंग्लंडचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर होता, तो गेला. त्याचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून.”

वहिनीने हळूच विचारलं, “म्हणजे आज संध्याकाळी मला केतकीकडे जाता यायचं नाही?”

“आज नाही, ताई.”

“तिचे दिवस भरलेत हो.” ती त्यांना असं सांगत होती, जणू हे कळल्यावर ते आतून दुसरा एखादा नियम काढून आणतील. त्या माणसाने मान खाली घातली.

मग ते एक गोष्ट बोलले. ती मला अजून शब्दन् शब्द आठवते. “एक लक्षात ठेवा. मी एकदा इथे नोंद केली की ते पासपोर्ट रद्द होतात. मग ते तासाभराने सापडले तरी त्यांच्यावर प्रवास करता येत नाही. तेव्हा पुन्हा एकदा आठवून पाहा. खोली, बॅगा, बस. कुठे ठेवले असतील, कुणाकडे राहिले असतील. घाई नाही. आमची जेवणाची सुट्टी होईपर्यंत मी थांबतो.”

हे बोलताना ते दादाकडे बघत होते. लोक काय लपवतात आणि कसं लपवतात, हे त्या खुर्चीत बसून त्यांनी बरंच पाहिलं असणार.

दादाचा चेहरा घामाने चमकत होता. त्याने एकदा तोंड उघडलं. मी बघितलं, उघडलं होतं. मग मिटलं आणि म्हणाला, “आठवायचं काही नाही. करा नोंद.”

मी त्याला बाजूला ओढलं. “दादा, पट्टा सकाळी तुझ्या पोटावर होता का?”

“होता.”

“मग चेन उघडी होती का? कापली होती का?”

“तू काय पोलीस आहेस? लले, गप्प बस. एक अक्षर बोलू नकोस.”

“सकाळी तू खोलीत वहिनीला काय विचारत होतास? भिंतीपलीकडे मला ऐकू येत होतं. डबा कुठाय, डबा कुठाय म्हणून ओरडत होतास.”

“भूक लागली होती.”

मला ते खरं वाटलं. दादाचं खाणं मला माहीत होतं. आणि डब्याचं काय झालं तेही माहीत होतं, कारण आदल्या संध्याकाळी मी तिथेच होते. आमचा बसचालक लास्लो, हंगेरीतल्या सीमेजवळच्या कुठल्याशा गावचा, चांगला ऐसपैस मिशाळ माणूस. त्याचं काम संपलं होतं, तो घरी निघाला होता. निघताना त्याने सगळ्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्याची सून दोनच दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. लाल तोंडाचं, मुठी वळलेलं बाळ. दादा तेव्हा आंघोळीला गेला होता. वहिनी तो फोटो बघतच राहिली. मग काही न बोलता खोलीत गेली आणि लाडवांचा एक डबा घेऊन आली. लास्लोला बाळाचा फोटो दाखवला, डबा दाखवला, तोंडाशी बोटं नेऊन घास दाखवला, पाठीवर हात फिरवून दाखवला. ओली बाळंतीण, तिला दे, कंबर घट्ट होते. तो माणूस खुळ्यासारखा हसला, डबा छातीशी धरून तिच्यापुढे वाकला. वहिनी मला म्हणाली, “एक त्या पोरीला, एक आपल्या पोरीला. दोन्ही बाळंतिणीच.”

तेव्हा मला वाटलं, डबा दिला म्हणून दादा चिडला असेल. लाडवांवरून नवऱ्याने बायकोवर चिडणं आमच्या घरात नवीन नव्हतं.

सुट्टीची वेळ होत आली. नौटियालसाहेबांनी विचारलं, “काही आठवलं?”

“नाही,” दादा म्हणाला. त्याने सही केली आणि पेन वहिनीपुढे धरलं. “इथे कर.”

“अहो, पण मग केतकी...”

“हेमा, इथे सही कर म्हटलं ना. मी आहे ना बघायला.”

तिने सही केली. तिच्या सहीतला शेवटचा काना वाकडा झाला. लग्नानंतर तिने आजवर कुठल्याही कागदावर सही केली ती अशीच, त्याचं बोट जिथे असेल तिथे.

पेन माझ्यापुढे आलं. “मी नाही करणार,” मी म्हटलं.

“लले!”

“माझा पासपोर्ट मी हरवलेला नाही. ज्याने हरवला त्याने लिहून द्यावं. मी संध्याकाळपर्यंत हॉटेल उलटंपालटं करीन, ट्राममध्ये सीटखाली रांगत जाईन, पण सही करणार नाही.”

“काय हा हट्ट! सगळ्यांचं एकदम होऊन गेलं असतं.”

“तुझं आणि वहिनीचं झालं ना? मग झालं.”

साहेबांनी माझ्याकडे एकवार पाहिलं, माझा कागद कोरा बाजूला ठेवला आणि दोघांच्या नोंदी करायला आत गेले. खरं सांगते, मला त्या क्षणी काही कळलेलं नव्हतं. मी फक्त चिडलेली होते.

ते बाहेर आले, “झालं,” म्हणाले, आणि पाठोपाठ दार ढकलून संपदा आत आली. ती आमच्याबरोबरच आली होती आणि मघाशी बाहेर कुणाचा तरी फोन घ्यायला गेली होती. पोरीचा चेहरा आनंदाने फुलला होता. “सापडले! काका, सापडले! तिन्ही सापडले!”

वहिनी उभी राहिली. “कुठे?”

“लास्लोकडे! त्याचा फोन होता. त्याच्या सुनेने आज लाडू खायला डबा उघडला. वरचे लाडू काढले तर खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पासपोर्ट! तो गाडी घेऊन निघालाय, तासाभरात इथे पोहोचतो. पण काका, पासपोर्ट लाडवांच्या डब्यात गेले कसे?”

संपदाचं हसू हळूहळू उतरलं. तिने काउंटरवरचे सही केलेले कागद पाहिले आणि ओठ चावला.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाळंतिणीचा डबा लीड्सपर्यंत कुणी उघडणार नाही. चोर तर नाहीच नाही. व्हिएन्नाच्या ट्राममध्ये खिसेकापू फार, असं गाइडने सांगितल्यावर दादाने ही अक्कल लढवली होती. आणि सांगितलं कुणालाच नव्हतं. ज्या बाईने ते लाडू वळले, जिच्या बॅगेत तो डबा होता, तिलाही नाही. सकाळी डबा गेल्याचं कळलं तेव्हा त्याला सगळं समजलं होतं. एक फोन पुरला असता. संपदाला एवढंच सांगायचं होतं, की लास्लोला विचार. पण मग सगळी बस हसली असती. कोल्हापूरच्या बाई पर्स थोपटून हसल्या असत्या. त्यापेक्षा चोर बरा. आपल्या सरकारने काहीतरी कागद द्यावा आणि झाकली मूठ झाकलेलीच राहावी. साहेबांनी ‘पुन्हा आठवून पाहा’ म्हटलं तेव्हा त्याने उघडलेलं तोंड मला आठवलं. तिथेसुद्धा बोलला असता तर चाललं असतं. त्याने ते मिटलं, आणि त्याच्या मिटलेल्या तोंडापायी वहिनीने सही केली.

वहिनी त्याच्याकडे बघत होती. “तुम्हाला माहीत होतं?”

दादा खाकरला. आणि मग तो जे बोलला त्याची मला आजही चीड येते. तो म्हणाला, “तुला कुणी सांगितलं होतं डबा वाटायला?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “लाज वाटते का रे तुला?” मी ओरडले. वकिलात की काय ते मी विसरले. “पोरगी तिकडे आईची वाट बघतेय! तुझ्या तोऱ्यापायी तू तिची आई अडकवलीस, आणि वर हिलाच विचारतोस? लोक हसतील म्हणून? हसू दे की! हसून हसून मरत नाही कुणी!”

“ताई, शांत व्हा,” नौटियालसाहेब म्हणाले, पण त्यांनी मला थांबवलं मात्र नाही.

दादा त्यांच्याकडे वळला. “ती नोंद मागे घ्या ना साहेब. मी वर्ग एकचा अधिकारी होतो, मला माहीत आहे, सगळं मागे घेता येतं.”

“हे येत नाही, साहेब. म्हणून तर मी थांबलो होतो.”

लास्लो आला तेव्हा त्याच्या हातात पासपोर्टची पिशवी होती आणि आमचा डबा होता. त्याने डबा वहिनीला दिला. जड लागला म्हणून तिने उघडून बघितला, तर आत अक्रोडाची गुंडाळलेली मिठाई होती. त्याच्या बायकोने भरून दिली होती. डबा रिकामा पाठवायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. वहिनीच्या डोळ्यांत सकाळपासून पहिल्यांदा पाणी आलं ते तेव्हा.

साहेबांनी तीन पासपोर्ट घेतले. दोघांच्या पासपोर्टांवर शिक्के मारले, कोपरे कापले. कात्रीचा तो आवाज लहानसाच होता. माझा त्यांनी तसाच, धडधाकट, काचेखालून सरकवला. “हा सापडल्याचं पोलिसांना मी कळवतो. तुम्ही प्रवास करू शकता.”

मी हात पुढे करायच्या आधी दादाचा हात पुढे आला. सवयीने. “आण. एकत्र ठेवू.”

वहिनीने तो मधल्या मध्ये उचलला. माझ्या हातात ठेवला, माझी बोटं त्यावर मिटवली आणि म्हणाली, “ललितावन्सं, तुम्ही आज निघा. दुसरा डबा माझ्या बॅगेत आहे, तो घ्या. तिला रोज सकाळी एक, दुधाबरोबर. जास्त देऊ नका.”

“आणि तू?”

तिने साहेबांना विचारलं, “मला नवा पासपोर्ट हवाय. घरी जायचा कागद नको. त्याला काय काय लागतं?”

“हेमा, वेडी आहेस का?” दादा म्हणाला. “आपण दोघं परत जातोय.”

“तुम्ही जा.”

“एकटी राहणार तू? या परक्या गावात? तुला इथली भाषा तरी येते का? तोंड उघडता येईल का तुला?”

वहिनीने लास्लोकडे पाहिलं. तो दाराशी टोपी हातात धरून उभा होता. “यांच्याशी कुठल्या भाषेत बोलले होते मी?” ती म्हणाली. “बाळंतिणीला लाडू पोहोचला ना? पासपोर्टही परत आले ना? कुणाचं तोंड उघडलं नाही, त्याचं बघा.”

दादा खुर्चीत बसला. नंतर पुन्हा उठलाच नाही जणू, मला तो तसाच आठवतो.

संपदाने तिथल्या मराठी मंडळात फोन करून वहिनीला एका बाईंकडे खोली मिळवून दिली. मी संध्याकाळच्या विमानाने निघाले. खिडकीतून बाहेर बघत मी सगळी वाट दादाला शिव्या घालत होते.

केतकीला कळा सुरू झाल्या त्या मी पोहोचल्यानंतर थोड्याच दिवसांनी. आयुष्यभर मी परक्या बायकांचे हात धरून उभी राहिले, ‘आई गं’ कितीदा ऐकलं त्याची गणती नाही. त्या दिवशी केतकीने माझा हात दाबून म्हटलं, “आई कुठाय?” मी म्हटलं, “येतेय गं.” ती म्हणाली, “आत्ता हवी होती.” मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला. मुलगी झाली.

वहिनी आली तेव्हा बाळाची नाळ केव्हाच पडून गेली होती आणि ते दिव्याकडे बघायला शिकलं होतं. नाव ठेवायचं आम्ही तिच्यासाठी थांबवलं होतं. तिने बाळ घेतलं आणि हुंगलं. मग केतकीच्या कपाळाला गाल लावून म्हणाली, “उशीर झाला मला.” केतकी रडली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली.

बारशाच्या सकाळी साताऱ्याहून दादाचा फोन आला. नातीचं कौतुक झालं, वजन विचारून झालं. मग आवाजात पुन्हा जुनं वजन आणून म्हणाला, “लले, हेमाला विचार, नवा पासपोर्ट नीट ठेवलाय ना? कुठे ठेवलाय?”

वहिनी पाय लांब करून बसली होती, पायांवर नात, हातात तेलाची वाटी. मी फोनवर हात ठेवून तिला विचारलं, “दादा विचारतोय, पासपोर्ट कुठे ठेवलायस.”

तिने वर पाहिलं नाही. बाळाच्या पोटरीला तेल चोळत राहिली.

“सांगा त्यांना,” ती म्हणाली, “ते मला ठाऊक आहे. तेवढं पुरे.”